दारूबंदीच्या जिल्ह्यातला रविवारचा वर्ग

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. ती मी जन्माला यायच्या आधीपासून आहे, त्यामुळे दारू या विषयाशी नोकरीच्या निमित्ताने आपला कधी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

मी नालवाडीजवळच्या एका प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. शिकवण्याशिवाय आजवर मी माणसं मोजली, घरं मोजली, एकदा ढोरंही मोजली. मतदान घेतलं. कोणाकडे संडास आहे आणि कोणी त्यात सरपण भरून ठेवलं आहे, हे पाहत गावभर हिंडले. म्हणून मुख्याध्यापकांनी एक दिवस कागद पुढे केला तेव्हा मी न वाचताच विचारलं, "आता काय मोजायचं, सर?"

"मोजायचं नाई. शिकवायचं हाय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

"कोणाले?"

"बेवड्यायले."

कागदावर अर्थातच हा शब्द नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'मद्यप्राशन करून वाहन चालवताना पुनःपुन्हा आढळलेले चालक'. अशा लोकांना दंड केला की ते दंड भरतात, बाहेर येतात आणि त्याच गाडीला किक मारून पुन्हा तसेच सापडतात. तेव्हा प्रयोग म्हणून असं ठरलं होतं की त्यांचं लायसन काही महिने काढून घ्यायचं, आठ रविवार वर्गात बसवायचं, मग चार दिवस चौकात पाटी धरून उभं करायचं आणि शेवटी परीक्षा घ्यायची. एक रविवार बुडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिकवायला कोण, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली म्हणे. सांगितलेलं लगेच विसरतात, एकमेकांच्या खोड्या काढतात आणि 'मी नाही केलं' म्हणतात, अशा लोकांना कोण सांभाळेल? तर दुसरीची शिक्षिका. मुख्याध्यापकांनी हे मला कौतुक म्हणून सांगितलं.

पहिल्या रविवारी अकरा जण आले. वर्ग आमच्याच शाळेत होता आणि बाकं सात वर्षांच्या मुलांची होती. मोठमोठी माणसं त्यात शिरून बसली तेव्हा त्यांचे गुडघे कानाला लागत होते. दारात एक हवालदार फुंकायचं मशीन घेऊन उभे होते. फुंकून शून्य आलं तरच आत प्रवेश. मी बाजूने जायला निघाले तर ते म्हणाले, "मॅडम, नियम सगळ्यायले सारखा." स्वतःच्या शाळेच्या दारात, सकाळी साडेआठ वाजता, अकरा बेवड्यांसमोर मी फुंकलं. शून्य आलं. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

आधी एक फॉर्म भरून घ्यायचा होता. त्यात 'मद्यप्राशनाचे ठिकाण' असा रकाना होता. आपल्या जिल्ह्यात दारू मिळतच नसल्यामुळे सगळ्यांनी 'जिल्ह्याबाहेर' असं लिहिलं. एकाने तर सविस्तर लिहिलं की तो नागपुरात प्यायला, तिथून इथवर अगदी सरळ गाडी चालवत आला आणि नालवाडीच्या चौकात आल्यावरच त्याला चढली. दुसरा शेजाऱ्याला 'यवतमाळ' कसं लिहायचं ते विचारत होता, आणि शेजाऱ्याने आपल्या कागदावर हात आडवा धरला होता.

मग मी हजेरी घ्यायला लागले. नववं नाव वाचता वाचता थांबले. हे नाव मी ताईच्या लग्नपत्रिकेवर वाचलं होतं. मान वर करून पाहिलं, तर शेवटच्या बाकावर भर एप्रिलात मफलर गुंडाळलेला एक माणूस पेपरामागे लपून बसला होता.

"हजर," पेपर म्हणाला.

ते माझे भाऊजी होते. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिचं सासर पवनारला, आणि तिथेच भाऊजींचं बियाणं-खतांचं दुकान. आमच्या घरचे ते पहिले जावई. ते आले की बाबा स्वतःची खुर्ची सोडून पलंगावर बसतात. मला नोकरी लागली तेव्हा शिस्तीबद्दल त्यांनी मला पाऊण तास सांगितलं होतं. ते घेतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कोणी बोलत नसे. जावयाबद्दल काय बोलणार? गाडी चालवताना सापडल्याचं मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

सुट्टी झाल्यावर ते मला मैदानातल्या बोरिंगच्या हातपंपामागे घेऊन गेले.

"तुह्या ताईले सांगू नको."

"तिले तुमी काय सांगून राह्यले?"

"शेतकरी प्रशिक्षण. आठ रविवार. सेंद्रिय."

"तुमी तं रासायनिक खत विकता, भाऊजी."

"म्हणून तं तिले लय बरं वाटलं."

कसे सापडले ते मला नंतर हवालदारांकडून कळलं. तिन्ही वेळा पकडणारे तेच होते. पहिल्यांदा भाऊजी चौकात सिग्नलला थांबले आणि सिग्नल हिरवा होऊन, लाल होऊन, परत हिरवा झाला तरी थांबूनच राहिले. दुसऱ्यांदा त्यांनी हवालदाराला पाहून गाडी वळवली आणि गोल फिरून पुन्हा त्याच हवालदारासमोर आले. तिसऱ्यांदा तर त्यांना कोणी अडवलंच नव्हतं. त्यांनी आपणहून गाडी थांबवून, ओळखीने विचारलं, "साहेब, आज मशीन नाई आणलं का?"

"आणलं हाय की," हवालदार म्हणाले.

मी ताईला सांगितलं नाही. याला एक कारण सरकारी गोपनीयता हे होतं. दुसरं कारण डबा. ताईला वाटत होतं की शिबिरात मोठमोठे साहेब येतात, म्हणून ती दर रविवारी भाऊजींना चार माणसांना पुरेल एवढा डबा द्यायची. पहिल्याच रविवारी त्यात सांबारवडी निघाली. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि ताईच्या हातची सांबारवडी म्हणजे आत ओलं खोबरं, वर कुरकुरीत पापुद्रा. वर्गाने ती दोन मिनिटांत संपवली. त्यातल्या दोन मी खाल्ल्या. पुढच्या रविवारी तीन.

वर्ग मात्र चांगला रुळला. सोबत आलेल्या पुस्तिकेत पोटातली दारू मेंदूत कशी जाते याचं चित्र होतं, ते मी फळ्यावर काढायचे आणि ते वहीत काढून घ्यायचे. सवयीने मी त्यांच्या वह्यांवर लाल शाईने चांदण्या दिल्या. तिसऱ्या रविवारपर्यंत त्या चांदण्यांवरून भांडणं सुरू झाली. "मॅडम, हा माह्यावालं पाहून लिहून राह्यला." "मॅडम, यानं मेंदू माह्यापेक्षा लहान काढला तरी याले दोन काऊन?" भाऊजींना एक कमी मिळाली तर ते म्हणाले, घरच्या माणसावर नेहमी अन्यायच होतो. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हापासून वर्गात त्यांना 'मॅडमचे जवाई' म्हणू लागले, आणि नातं समजावून सांगण्याचा मी नाद सोडला.

चौथ्या रविवारी पुस्तिका बाजूला ठेवून मी एक प्रयोग केला. शाळेच्या मैदानात खिचडीच्या ताटल्यांच्या दोन रांगा मांडल्या. मधून एक सायकल जाईल एवढा रस्ता ठेवला. आधी प्रत्येकाने सायकल चालवत तिथून जायचं. सगळे आरामात गेले. मग मी म्हटलं, आता झेंड्याच्या खांबाभोवती दहा चकरा मारा, गरागरा, आणि लगेच सायकलवर बसा.

नालवाडीच्या लोकांनी त्या दिवशी जे पाहिलं ते अजून सांगतात. पहिल्याने सुरुवातीलाच सहा ताटल्या उडवल्या. दुसरा सायकलवर चढला आणि पलीकडे उतरला, सायकल जागेवरच. एक जण रांगेत शिरलाच नाही, तो सरळ फाटकातून बाहेर गेला आणि किराणा दुकानापाशी सापडला. भाऊजी बोरिंगला धडकले आणि बोरिंगलाच "सॉरी" म्हणाले. हवालदार कंपाउंडच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसले होते आणि रुमालाने डोळे पुसत होते.

मी मात्र प्रत्येकाला सायकलवर बसायच्या आधी एकच प्रश्न विचारत होते. चकरा मारून तो डुलत उभा असताना विचारायचे, "जमेल ना?" आणि अकराच्या अकरा जणांनी तेच उत्तर दिलं होतं. "हो मॅडम. एकदम ठीक हाय मी."

ते सगळे परत सावलीत येऊन बसल्यावर मी त्यांना हे सांगितलं. आमच्यात एक म्हातारे ट्रकड्रायव्हर होते, त्यांना सगळे काका म्हणत. ते म्हणाले, "असंच वाटते मॅडम. अगदी असंच वाटते." मग त्यांनी उठून वाकलेल्या ताटल्या गोळा करायला सुरुवात केली आणि बाकीचेही त्यांच्या मागे उठले.

पाचव्या रविवारी घरचं एक माणूस सोबत आणायचं होतं. त्या माणसाने वर्गापुढे चार शब्द बोलायचे. भाऊजींनी पवनारच्या पानठेलेवाल्याला थोरला भाऊ म्हणून आणलं. मी डोळे वटारले, त्यांनी हात जोडले, मी गप्प बसले. आमच्या दोघांच्याही ध्यानात एक गोष्ट नव्हती. हे बोलावण्याचं पत्र कार्यालयाकडून परस्पर घरच्या पत्त्यावर जात होतं. तसं पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलं होतं आणि मी तिथवर वाचलं नव्हतं.

पानठेलेवाला उभा राहिला. "माहा लहान भाऊ," त्याने भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला, "लहानपणापासून लय गुणाचा. आमच्या मायनं मले सांगितलं होतं..."

"यायले भाऊच नाई," दारातून आवाज आला.

ताई पत्र हातात घेऊन उभी होती. पवनारहून बसने आली होती. पानठेलेवाला जागच्या जागी खाली बसला. भाऊजींनी मफलर शोधला, पण तो आणायचं त्यांनी तोवर बंद केलं होतं.

ताई पुढच्या बाकावर बसली नाही. ती सरळ माझ्या टेबलाजवळ आली, पदर खोचला आणि वर्गाकडे तोंड करून बोलायला लागली. ती कधी चार माणसांत बोललेली मी पाहिली नव्हती.

"पेऊ नका असं मी म्हणणार नाई. म्हणून म्हणून थकली मी. दुकान बंद व्हायच्या वेळेले मी भाजी टाकते. हात कढईत राह्यते आन कान रस्त्याकडं. गाडीचा आवाज आला का मग मी भाजीत मीठ टाकते. नाई आला तं कान तिकडंच राह्यते आन मीठ टाकायचं राहून जाते. आमच्या घरी कितीकदा अळणी भाजी झाली ते यायले विचारा."

वर्गाने भाऊजींकडे पाहिलं.

"मले वाटे तुले बीपी हाय म्हणून तू मीठ कमी करून राह्यली," भाऊजी म्हणाले.

मागच्या बाकावर कोणाला तरी हसू आलं आणि मग ते सगळ्यांनाच आलं, ताईलाही. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते मात्र थांबेना. काकांनी हळूच हात वर केला. "मॅडम, हे वहीत लिहून घ्याचं का?"

"घ्या," मी म्हटलं. अकरा जणांनी खाली मान घालून लिहिलं. भाऊजींनीही लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

ताईने मग तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. "आन तू?"

"ताई, सरकारी काम हाय, मले बोलता येत नव्हतं."

"वडी खाता येत होती?"

तिला डब्याचं कोणी सांगितलं ते मला कळलं नाही. संशय हवालदारांवर आहे. त्यांनीही खाल्ल्या होत्या.

आठ रविवार संपले आणि चौकातली पाळी आली. अंगात चमकणारं हिरवं जाकीट, हातात पाटी. पाटीवर काय लिहायचं ते ठरलेलं होतं, 'मी दारू पिऊन गाडी चालवली. तुम्ही चालवू नका.' शिक्षिकेचं अक्षर चांगलं असतं म्हणून अकराही पाट्या माझ्याकडून रंगवून घेतल्या. भाऊजींची पाळी सकाळी नऊ ते अकरा. दुकानाचं गिऱ्हाईक वर्ध्याला जाताना त्याच चौकातून जातं. त्यामुळे प्रत्येक दुसरी गाडी थांबायची आणि विचारायची, "भाऊ, दुकान कोण पाहून राह्यलं?"

तिसऱ्या दिवशी त्या चौकातून बाबा चालले होते. माझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पोस्टातून निवृत्त, अजून भाजी आणायला सायकलने जातात. आम्ही दोघी बहिणींनी त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. मी रोजच्यासारखी हजेरीच्या कागदावर सही घ्यायला तिथे गेले होते. बाबांनी जावयाला पाहिलं, सायकलवरून उतरले. चष्मा घरी होता. त्यांनी पाटी जवळ ओढली आणि मोठ्याने, एकेक अक्षर लावून वाचायला सुरुवात केली. "मी... दा... रू..."

भाऊजी आकाशाकडे पाहत होते. रिक्षावाले थांबून ऐकत होते. बाबांनी शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग पाटी हाताने पुसल्यासारखी केली.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "कोणाचं हाय?"

"माहं," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. सायकल कडेला नेऊन स्टँडवर लावली आणि भाऊजींच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

"तुमी जा न बाबा, ऊन हाय," भाऊजी म्हणाले.

"जातो."

आणि गेले नाहीत. अकरा वाजेपर्यंत ते तिथे उभे होते. भाजीची थैली त्यांनी डोक्यावर घेतली होती. मधे त्यांच्याच ऑफिसातले एक जुने सहकारी स्कूटरवरून आले आणि त्यांना पाहून थांबले. पाटी वाचली, बाबांकडे पाहिलं. "तुमी बी?" ते हळूच म्हणाले.

"मी यायच्यासंग हाय," बाबा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत बातमी पोचली की बाबा या वयात प्यायला लागले आहेत आणि पोलिसांनी त्यांना जावयासकट पकडलं आहे. दोन बायका विचारपूस करायला आल्या. बाबांनी मला त्यांच्यासाठी चहा करायला सांगितला आणि काही खुलासा केला नाही. चौथ्या दिवशीही ते सायकल घेऊन चौकात गेले. त्या दिवशी भाऊजींनी स्वतःसोबत एक छत्री नेली होती आणि दोन तास ती बाबांच्या डोक्यावर धरली. एका हातात पाटी, एका हातात छत्री.

परीक्षेत भाऊजी पास झाले. काका पहिले आले. काही महिन्यांनी सगळ्यांना लायसन परत मिळालं, आणि मी पुन्हा माझ्या दुसरीच्या वर्गाकडे वळले.

हे सगळं झालं म्हणून भाऊजींची दारू सुटली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. लायसन मिळाल्यानंतरच्या उन्हाळ्यात हिंगणीला त्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं. दुपारी तीनच्या सुमाराला मला फोन आला.

"मॅडम," भाऊजी म्हणाले. शाळेबाहेर त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. "मी पेलो."

"कुठी हाय तुमी?"

"मांडवातच. गाडी हाय बाहेर. चाबी मी नवरीच्या मामाजवळ देली. मागितली तरी देऊ नका म्हणून सांगितलं. तं आता ते देऊन नाई राह्यले." मग ते म्हणाले, "मले एकदम ठीक वाटून राह्यलं. म्हणून फोन केला."

मी माझी मोपेड काढली आणि हिंगणीला गेले. ते मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, कपाळावर अक्षता चिकटलेल्या, पायाशी पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या. नवरीचे मामा किल्ली खिशात घालून त्यांच्यावर पहारा देत होते. परत येताना सेलूपर्यंत ते मागे बसून कपाळावरच्या अक्षता काढत राहिले. मग म्हणाले, "मले लाज वाटून राह्यली."

"वाटू द्या," मी म्हटलं. "पण फोन केला ते बरं केलं."

"ताईले सांगशील?"

"हो. या बारीले सांगीन."

"सांग," ते म्हणाले. "मी बी सांगतो."

दुसऱ्या दिवशी ताई आणि ते दोघं व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे आधी कोणी नेलं असतं तर गेले असते का, मला माहीत नाही. आता ते दर महिन्याला जातात. मधे एकदा घसरले, पुन्हा गेले. पिऊन गाडी मात्र त्यांनी पुन्हा कधी चालवली नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण त्याची खात्री ताईने वेगळ्याच पद्धतीने केली आहे. लायसन नव्हतं त्या महिन्यांत दुकानाच्या कामासाठी कोणीतरी गाडी शिकणं भाग होतं, आणि ती शिकली. तिला ते इतकं आवडलं की हिंगणीच्या मांडवातून परत आलेली गाडीची किल्ली तिने पुन्हा त्यांना दिलीच नाही.

ती भयंकर चालवते. वळताना इंडिकेटर देते, पण दुसऱ्या बाजूचा. गतिरोधक तिला दिसतच नाहीत. गेल्या आठवड्यात दोघं आमच्याकडे आली. भाऊजी मागे बसले होते, दोन्ही हातांनी सीटचा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून. फाटकापाशी तिने ब्रेकऐवजी हॉर्न दाबला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"थांब," ते म्हणाले. "आधी मी उतरतो. मग तू लाव गाडी, कुठी लावायची तिथं."